टाच का टेकत नाही?

सेरेब्रल पाल्सी असलेला सात वर्षांचा एक मुलगा दवाखान्याच्या व्हरांड्यातून चालत येतो आहे, असं समजू. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाली आणि तिचा परिणाम दोन्ही पायांवर राहिला. गुडघे जरासे वाकलेले, हात तोल सांभाळायला वर उचललेले, आणि दोन्ही पावलं चवड्यांवर. टाचा जमिनीला लागतच नाहीत. आई सांगते, "घरीपण असाच चालतो. टाच टेकव म्हटलं की दोन पावलं टेकवतो, मग पुन्हा तेच." बघणाऱ्याला वाटतं, यात मोजायचं काय? टाचेमागची नस आखूड आहे. ती सैल केली की टाच टेकेल.

आपण जिला बोलीत नस म्हणतो ती खरं तर कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी जाड दोरी. ती आखूड असू शकते. पण टाच न टेकण्याचं दुसरंही एक कारण असतं. ते समजून घ्यायला पुस्तक खाली ठेवा आणि उभे राहा. आता गुडघे वाकवा, पण घोट्याचा कोन बदलू देऊ नका. पाऊल आणि नडगी यांच्यात काटकोन होता, तो तसाच धरून ठेवा. काय झालं? टाच उचलली गेली. तुमच्या पोटरीत काहीही आखूड नाही, घोटा काटकोनातच आहे, तरी तुम्ही चवड्यांवर आलात, कारण वाकलेल्या गुडघ्याने नडगी पुढे झुकली आणि तिच्याबरोबर पाऊलही कललं.

म्हणजे चवड्यावर चालणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचा दोष घोट्यात असतो आणि दुसऱ्याचा गुडघ्यात किंवा खुब्यात. लांबून दोघंही सारखीच दिसतात. दुसऱ्या मुलाची टाचेची कंडरा लांब केली तर काय होईल? पोटरीचं एक मोठं काम म्हणजे पाऊल जमिनीवर असताना नडगीला मागून धरून ठेवणं. तंबूचा खांब मागच्या दोरीने ताणून ठेवतात, तसं. ती दोरी सैल केली की नडगी पुढे कोसळते, गुडघा आणखी वाकतो, त्यापाठोपाठ खुबा वाकतो, आणि मूल जणू अर्धवट खुर्चीत बसल्यासारखं चालू लागतं. टाच टेकते खरी, पण वजन वाढेल तशी मांडीची ताकद पुरत नाही आणि वयात येताना काहींचं चालणंच सुटतं. आखूड कंडरा लांब करता येते, पण जास्त लांब झालेली पुन्हा बेताची करणं फार अवघड असतं.

या प्रकरणात ज्या सॉफ्टवेअरची ओळख करून घ्यायची आहे, ते या एका प्रश्नासाठी उभं राहिलं असं म्हटलं तरी चालेल: दोष दिसतो कुठे आणि असतो कुठे?

एके काळी या मुलांवर शस्त्रक्रिया हप्त्याहप्त्याने होत. एका वर्षी टाच, पुढच्या वर्षी मांडीमागचे स्नायू, त्यानंतर खुबा. एक जागा सोडवली की दुसरीचा दोष उघडा पडे. कॅनडातले बालअस्थिरोगतज्ज्ञ मर्सर रँग यांनी या प्रकाराला 'बर्थडे सिंड्रोम' असं नाव दिलं, कारण मुलाचा जवळजवळ प्रत्येक वाढदिवस इस्पितळात, प्लॅस्टरमध्ये जायचा. आज चांगल्या केंद्रांत सगळ्या पातळ्यांवरची दुरुस्ती शक्यतो एकाच वेळी करतात. पण एकाच वेळी करायची तर आधी सगळं ठाऊक हवं. खुबा, गुडघा, घोटा एकाच क्षणी काय करत आहेत, हे एकत्र दिसायला हवं.

डोळ्याला ते का दिसत नाही? एक टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. या सेकंदात निरोगी माणसाचं पाऊल सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर असतं आणि ४० टक्के हवेत. तेवढ्यात गुडघा जवळजवळ ६० अंशांपर्यंत वाकून पुन्हा सरळ होतो, कंबरेचं हाड वळतं, खुबा आत-बाहेर फिरतो, घोटा खाली-वर होतो, आणि हे दोन्ही बाजूंना, तिन्ही दिशांनी चालू असतं. म्हणून डोळा बाद ठरतो असं नाही. कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस इस्पितळात जॅकलिन पेरी यांनी पोलिओच्या आणि पक्षाघाताच्या रुग्णांची चाल टप्प्याटप्प्याने बघण्याची जी शिस्त घालून दिली, ती फिजिओथेरपिस्ट आजही शिकतात. पेरी स्वतः आधी फिजिओथेरपिस्ट होत्या, मग शल्यविशारद झाल्या. १९९२ साली आलेलं त्यांचं चालीवरचं पुस्तक या क्षेत्रात अजून हाताशी ठेवतात. तरबेज डोळ्याला बिघाड दिसतो, पण एकाच सेकंदात घडणाऱ्या इतक्या गोष्टींतलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे तो खात्रीने सांगू शकत नाही.

मोजण्याची धडपड जुनी आहे. १८९० च्या दशकात जर्मनीत लायपझिगला शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्राउने आणि गणितज्ञ ओटो फिशर यांनी एका सैनिकाच्या हातापायांवर विजेच्या बारीक प्रकाशनळ्या बांधल्या आणि रात्रीच्या अंधारात त्याला चालायला लावून एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी छायाचित्रं घेतली. नळ्या बांधायलाच कित्येक तास लागत. चालणं काही सेकंदांचं, पण छायाचित्रांवरचा एकेक बिंदू हाताने मोजून त्यावरची आकडेमोड करण्यात वर्षं गेली. ब्राउने मध्येच, १८९२ मध्ये वारले. फिशर यांनी काम पुढे नेलं आणि १८९५ पासून १९०४ पर्यंत त्याचे खंड निघत राहिले. आज तीच आकडेमोड मुलगा कपडे बदलून येईपर्यंत संपते. लायपझिगची पद्धत आणि आजची पद्धत मुळात एकच आहे. हाताने होणारं काम आता संगणक करतो, आणि त्यामुळे जे फक्त अभ्यासकाला परवडत होतं ते रुग्णाच्या कामी आलं.

हे मोजमाप इस्पितळात आणण्याचं श्रेय ज्यांना द्यावं लागेल, त्यांत अमेरिकेतले डॉ. जेम्स गेज यांचं नाव वरचं आहे. १९८० च्या दशकात कनेक्टिकटमधल्या न्यूइंग्टन इथल्या मुलांच्या इस्पितळात त्यांनी चालविश्लेषणाची प्रयोगशाळा नेहमीच्या उपचारांचा भाग केली आणि पुढे मिनेसोटातल्या गिलेट इस्पितळात तेच काम वाढवलं.

आता प्रयोगशाळेत जाऊ. आठ-दहा मीटरची मोकळी वाट, भोवती भिंतींवर कॅमेरे. मुलाला फक्त तोकडी चड्डी. फिजिओथेरपिस्ट आधी त्याला झोपवून प्रत्येक सांधा किती वाकतो, कोणता स्नायू किती जोर लावतो, कुठे ताठरपणा आहे ते तपासते. मग पायाची लांबी, गुडघ्याची आणि घोट्याची रुंदी मोजते. त्यानंतर बोटाने चाचपून हाडाचं टोक शोधते आणि नेमकं त्या जागी गोटीएवढा चकचकीत गोळा चिकटवते. कंबरेच्या हाडावर, मांडीच्या बाजूला, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, नडगीवर, घोट्यावर, टाचेवर, चवड्यावर. कॅमेरा अवरक्त प्रकाश सोडतो, गोळा तो परत फेकतो. कॅमेऱ्याला मूल दिसतच नाही, काळ्या पार्श्वभूमीवर तरंगणारे पांढरे ठिपके तेवढे दिसतात. सेकंदाला शंभर किंवा त्याहून जास्त वेळा.

सॉफ्टवेअरचं काम इथून पुढे सुरू होतं. ऑक्सफर्डची व्हायकॉन, स्वीडनची क्वालिसिस अशा कंपन्यांच्या प्रणाली जगभर वापरतात, पण टप्पे सगळ्यांचे सारखेच. एकच ठिपका दोन किंवा अधिक कॅमेऱ्यांनी पाहिला की त्याची अवकाशातली जागा भूमितीने काढता येते. मग प्रत्येक ठिपक्याला नाव द्यायचं, हा डावा गुडघा, हा उजवा घोटा. चालताना हात आड आला की ठिपका क्षणभर गायब होतो, ती फट भरायची. बारीक थरथर गाळायची. एवढं झाल्यावर खरी मेख येते: सांधा असतो आत आणि गोळा असतो कातडीवर. खुब्याचा केंद्रबिंदू तर मांसाच्या थरांखाली खोल दडलेला. सॉफ्टवेअर तो प्रत्यक्ष पाहत नाही. कंबरेवरच्या गोळ्यांमधलं अंतर आणि पायाची लांबी यांवरून सूत्राने अंदाज बांधतं. रुग्णालयांत सर्वाधिक वापरलं जाणारं हे गणित १९९० च्या आसपास न्यूयॉर्क राज्यातल्या हेलन हेज इस्पितळात आणि न्यूइंग्टनमध्ये बसवलं गेलं. आजही अनेक यंत्रांच्या पोटात तेच चालतं.

शेवटी हाती येतात आलेख. आडव्या अक्षावर एक चालचक्र, शून्यापासून शंभर टक्के. उभ्या अक्षावर अंश. निरोगी मुलांच्या चालीचा करडा पट्टा मागे, आणि त्यावरून या मुलाच्या पायाची रेघ. आपल्या मुलाचा घोट्याचा आलेख पाहा. रेघ करड्या पट्ट्यातच आहे. गुडघ्याचा पाहा. टाच टेकायच्या क्षणी जो जवळजवळ सरळ हवा, तो ३० अंश वाकलेला आहे, आणि पाऊल जमिनीवर असेपर्यंत सरळ होतच नाही. खुबाही तसाच. व्हरांड्यात जो दोष टाचेचा वाटला, तो टाचेचा नव्हता.

वाटेत जमिनीच्या पातळीत बसवलेल्या बलपट्ट्याही असतात. पाऊल बरोबर एका पट्टीवर पडलं की जमीन किती जोराने आणि कोणत्या दिशेने उलट रेटते, ते कळतं. मुलाला मात्र पट्टी कुठे आहे ते सांगत नाहीत, नाहीतर ते नेम धरून पाऊल टाकतं आणि चाल खोटी होते. हे बल आणि सांध्यांच्या जागा एकत्र केल्या की प्रत्येक सांध्यावर किती भार आला आणि कोणत्या स्नायूगटाने किती काम केलं, याचा हिशेब सॉफ्टवेअर उलट्या दिशेने मांडतं. कातडीवर चिकटवलेल्या विद्युत्‌पट्ट्या स्नायू कधी चालू होतो आणि कधी बंद, ते सांगतात.

गुडघा वाकलेला आहे, म्हणजे मांडीमागचे स्नायू आखूड, असं म्हणण्याचा मोह पुढे होतोच. इथे स्टॅनफर्डच्या स्कॉट डेल्प यांचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी हाडं आणि स्नायूंचं संगणकी प्रारूप बनवलं आणि त्याला खऱ्या रुग्णांची चाल चालायला लावली. मांडीमागचे स्नायू दोन सांधे ओलांडतात. गुडघा वाकला की ते सैलावतात, पण खुबा वाकला की वरून ताणले जातात. वाकून चालणाऱ्या मुलांचे दोन्ही सांधे वाकलेले असतात. बेरीज-वजाबाकी करून पाहिली तर बहुतेक मुलांत त्या स्नायूंची चालतानाची लांबी नेहमीइतकी किंवा जास्तच निघाली. हे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. डोळ्यांना आखूड वाटणारा स्नायू आखूड नव्हताच, मग तो लांब करून काय साधणार? पुढे डेल्प यांच्या गटाने ओपनसिम हे सॉफ्टवेअर मोफत खुलं केलं, आणि आज कोणत्याही देशातला विद्यार्थी ते उतरवून घेऊन हाच हिशेब करू शकतो.

या यंत्रणेवर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच ती कुठे चुकते हेही सांगायला हवं. मांडीच्या बाजूचा तो एक गोळा घ्या. गुडघा कोणत्या अक्षाभोवती वाकतो, हे सॉफ्टवेअर त्याच्यावरून ठरवतं. तो बोटभर पुढे किंवा मागे लागला तर अक्षच फिरतो. मग गुडघा वाकतो तेव्हा सॉफ्टवेअरला तो बाजूलाही मोडल्यासारखा दिसतो. गुडघा बिजागरीसारखा असतो, चालताना कुणाचाही गुडघा वीस अंश बाजूला जात नाही. अनुभवी वाचक आलेखात तसला उंचवटा दिसला की निदान बाजूला ठेवतो आणि गोळा तपासायला सांगतो. नवख्याला मात्र तो आजार वाटू शकतो. त्याच चुकीने खुब्याचं फिरणंही चुकीचं मोजलं जातं, आणि त्या आकड्यावरून मांडीचं हाड कापून फिरवायचं की नाही हे ठरत असतं. जेनिफर मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक मोजमापांतली चूक २ ते ५ अंशांच्या दरम्यान निघाली, आणि सर्वांत जास्त चूक याच फिरण्याच्या मापांत होती. पाच अंशांपेक्षा जास्त चूक दिशाभूल करू शकते, असं त्यांनी बजावलं. तेव्हा या साऱ्या यंत्रणेत सर्वांत महागडी वस्तू कॅमेरा असेल, पण सर्वांत मोलाची वस्तू गोळा चिकटवणाऱ्या फिजिओथेरपिस्टची बोटं आहेत.

दुसरी अडचण वाचनाची. अमेरिकेत ११ मुलांची चार वेगवेगळ्या केंद्रांत तपासणी करून पाहिली गेली, आणि त्याच मुलांसाठी सुचवलेले उपचार केंद्रागणिक बदलले. रक्तातल्या साखरेसारखा एक आकडा मिळाला की काम झालं, असं इथे नाही. तसा एक आकडा आहे. २००८ मध्ये गिलेटच्या मायकेल श्वार्ट्झ आणि अ‍ॅडम रोझुमाल्स्की यांनी चालीचा निर्देशांक काढला. १०० म्हणजे निरोगी चाल, आणि दर १० गुणांची घसरण म्हणजे सरासरीपासून एक प्रमाण विचलन लांब. उपचाराआधी आणि नंतर तुलना करायला तो उत्तम. पण ७० गुण मिळालेल्या दोन मुलांचे दोष पूर्णपणे निराळे असू शकतात, म्हणून शस्त्रक्रिया त्याच्यावरून ठरवता येत नाही. कोणत्याही सॉफ्टवेअरने सारांश म्हणून एकच गुण छापून दिला, तर डॉक्टरांनी मूळ आलेख मागावेत.

अशी सुसज्ज प्रयोगशाळा खर्चिक असते, आणि आपल्याकडे बहुतेक जिल्ह्यांतल्या पालकांच्या आवाक्यात ती नाही. म्हणून गेल्या काही वर्षांतला बदल मला आशेचा वाटतो. साध्या व्हिडिओतून सांधे ओळखायला संगणक शिकला आहे, गोळे चिकटवावे लागत नाहीत. स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी ओपनकॅप ही प्रणाली संशोधनासाठी मोफत दिली. दोन आयफोन तिकाटण्यावर ठेवायचे, एक छापील चौकटींचा फलक दाखवून कॅमेऱ्यांना जागा समजावून द्यायची, आणि चालायला सांगायचं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रयोगशाळेच्या तुलनेत सांध्यांच्या कोनांत सरासरी साडेचार अंशांचा फरक आला. वर सांगितलेली पाच अंशांची मर्यादा आठवली तर हा आकडा आशादायक आहे आणि काठावरचाही आहे. शिवाय ती चाचणी निरोगी माणसांवर होती. संगणक ज्या चाली बघून शिकला, त्यांत आपल्या मुलासारख्या चाली थोड्या. कपड्यांचाही प्रश्न आहेच. पक्षाघातानंतर पाय ओढत चालणाऱ्या आजींचा गुडघा साडीच्या निऱ्यांमागे असतो, कॅमेरा तिथे अंदाजच बांधणार.

त्याहून साधं म्हणजे किनोव्हिया. हे मोफत सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालतं. व्हिडिओ एकेका चित्राने पुढे न्यायचा, खुबा, गुडघा आणि घोटा यांवर बिंदू ठेवायचे, कोन मिळतो. फक्त कॅमेरा बरोबर बाजूने, काटकोनात हवा. पाय आत फिरलेला असेल तर वाकलेला गुडघाही बाजूने कमी वाकलेला दिसतो. ही मर्यादा ओळखून वापरलं तर तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टलाही त्याचा उपयोग आहे. आपल्या व्हरांड्यातल्या मुलाचा घोटा काटकोनात आहे आणि गुडघा वाकलेला आहे, एवढं यातूनही दिसलं असतं.

आणि काही वेळा सॉफ्टवेअरही लागत नाही. २०११ मध्ये ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या ३४,४८५ व्यक्तींच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा चालण्याचा वेग आणि पुढचं आयुर्मान यांचा स्पष्ट संबंध दिसला. तो वेग मोजायला चार मीटरची मोकळी जागा आणि घड्याळ पुरतं.

घरात चालीची तक्रार असलेलं मूल असेल, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी एक काम करा. उजेडात, अनवाणी, चड्डी गुडघ्याच्या वर असताना त्याला नेहमीसारखं चालू द्या. सूचना देऊ नका, टाच टेकव म्हणू नका. फोन कंबरेच्या उंचीवर स्थिर ठेवून एकदा समोरून, एकदा मागून आणि दोन्ही बाजूंनी व्हिडिओ घ्या. तारीख लिहून जपून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा घ्या. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर ते व्हिडिओ दाखवून एकच विचारा: टाचेबरोबर गुडघा आणि खुबाही मोजला का?